प्रकरण चौदावे : वेदची मराठी

त्या रविवारी धुकं दुपार झाली तरी हललं नाही. कॅनबेराच्या या गुंगालिन उपनगरात ऑगस्टात, ऐन थंडीत, धुकं पडतंच, पण सकाळची ट्राम दोन-चार फेऱ्या मारते तोवर ते उठून निघून जातं. आज ते बसूनच राहिलं होतं. शोभाताईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर समोरच्यांचं गॅरेज दिसत होतं आणि त्यामागचं घर दिसत नव्हतं.

दिव्यांची अवस होती. टेबलावर जुने कागद पसरून त्यांनी समई, दोन निरांजनं आणि इंडियन दुकानातल्या पणत्या मांडल्या होत्या. वाटीत चिंचेचा कोळ होता. शेजारच्या खुर्चीत वेद बसला होता आणि मन लावून एक निरांजन घासत होता.

हे शेजारी बसणंच मुळात नवलाचं होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे आलेल्या शोभाताईंना दीड वर्ष उलटून गेलं होतं. विमानं बंद झाली, सीमा बंद झाल्या, ठाण्याच्या फ्लॅटची किल्ली शेजारच्या सुहासिनीबाईंकडे राहिली ती राहिलीच. एवढ्या काळात नातू त्यांच्याशी काय बोलला असेल, तर 'हाय आजी', 'बाय आजी' आणि ताटात वाढताना 'इनफ, इनफ'. वीस वर्षांचा उंचापुरा, दाढी राखलेला मुलगा. त्याचं कौतुक त्या लांबूनच करायच्या, कारण जवळ जाऊन करायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्न होता. आणि फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मैदानावर डोक्याला मार लागून घरी बसला तेव्हापासून तो हळूहळू मराठी बोलायला लागला होता. आधी एखादा शब्द, मग वाक्यं.

"आजी, हे समईचं बाळ आहे ना?" निरांजन वर धरून त्यानं विचारलं.

शोभाताईंचा हात थांबला. हे अगदी असंच त्यानं ठाण्यात विचारलं होतं, चार वर्षांचा असताना, याच सणाला. वेदचा बाप विलास तेव्हा ऑस्ट्रेलियात एकटा होता, लेकाला फक्त फोटोत आणि फोनवर भेटणारा. वेद पाळण्यात असताना तो इकडे आला, नीरजाचा आणि मुलाचा व्हिसा अडकला तो वर्षानुवर्षं अडकला, आणि वेद साडेचार वर्षांचा होईपर्यंत मायलेक ठाण्यात सासूसासऱ्यांपाशीच राहिले. शोभाताईंच्या आयुष्यातली ती सगळ्यात भरलेली वर्षं होती. ती वर्षं आता खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली होती.

"हो रे राजा. समईचं बाळच ते."

"आप्पा कधी येणार?"

आप्पांना, वेदच्या आजोबांना, जाऊन नऊ वर्षं झाली होती. पहिल्यांदा वेदनं हे विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला होता. मग त्यांना वाटलं, पोराला आठवण येतेय, येऊ दे. मग त्या उत्तर द्यायला लागल्या.

"येतील हं आत्ता," त्या म्हणाल्या, आणि कोळ लावलेली समई कापडानं पुसायला घेतली.

तो उठला, समोरचं दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला. थंडी घरात शिरली. समोर रस्ता नव्हता, झाडं नव्हती, नुसता पांढरा पडदा होता. वेदनं हात वर केला आणि त्या पांढऱ्यात कुणाला तरी हलवून दाखवला.

*

जिन्यात बसलेल्या कादंबरीनं ते पाहिलं. रोजच पाहत होती. संध्याकाळ व्हायच्या सुमारास तिचा भाऊ दार उघडायचा आणि रिकाम्या रस्त्याला हात करायचा.

कादंबरी चौदा वर्षांची होती, इथंच जन्मलेली. घरातले बाकी सगळे म्हणत होते की वेद आता कसा घरात मिसळायला लागला आहे. तिला मात्र वाटत होतं की वेद घरातून नाहीसा झाला आहे आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाहीये. तो तिला केडी म्हणायचा. तिच्या केसांवरून, तिच्या गाण्यांवरून, तिच्या मराठीवरून इंग्रजीत अखंड टोमणे मारायचा. मार लागल्यापासून त्यानं तिला एकदाही केडी म्हटलं नव्हतं. जेवताना नजरानजर झाली तर तो हसायचा, पण पाहुण्यांच्या मुलीकडे बघून हसावं तसं.

त्याला मेसेज टाइप करताना तिनं पाहिलं होतं. तो लिहीत नव्हता. फोन पुढचा शब्द सुचवायचा आणि हा त्यावर अंगठा ठेवायचा, परत सुचवायचा, परत अंगठा. वाक्य तयार व्हायचं, कुणालाही चालेल असं.

युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, पहिल्या संघात वेद आला तोच मुळी दुसऱ्यांच्या दुखापतींवरून. त्या मोसमात संघाला नजरच लागली होती. एकाच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, एकाची खांद्याजवळची हाडं मोडली, सुट्टीला सिडनीला गेलेले चौघं तिथल्या लॉकडाउनमध्ये अडकले. क्लबच्या खोलीत एक पांढरा फळा होता, त्यावर खेळाडूंच्या नावांची चुंबकं. जखमी झालेल्याचं चुंबक काढत नसत, कडेला सरकवत. मोसम अर्धा झाला तोवर फळ्याची कड भरली होती आणि मधे जागाच जागा. जॉश नावाच्या मुलाची नडगी मोडली त्या दिवशी विलास मैदानावर फार हळहळला, आणि घरी येऊन गाडीतून उतरला तो शीळ घालत. पुढच्या गुरुवारी वेदचं चुंबक मधे आलं. विलासनं त्या फळ्याचा फोटो सिडनीतल्या स्कोफिल्ड्सपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना पाठवला.

तिसऱ्याच मॅचला वेद उलटा धावत चेंडूखाली गेला आणि पाठीमागून धावत आलेल्याचा खांदा त्याच्या कानामागे बसला. उठला, हसला, बाकावर जाऊन बसला. मग घरी विश्रांती, डोकेदुखी, मग डॉक्टर. करोनामुळे डॉक्टर भेटले ते व्हिडिओवर. त्यांनी खेळायला परवानगी दिली. येत्या शनिवारी सेमीफायनल होती.

दारात उभ्या वेदसमोर धुक्यातून एक गाडी येऊन थांबली आणि मिच उतरला. जॉश आणि जुना कॅप्टन दोघंही बाद झाल्यामुळे आता हाच कॅप्टन. त्यानं वेदच्या हातात धुतलेली जर्सी ठेवली, पाठ थोपटली, शनिवारी तू आहेस, असं सांगितलं.

"नो वरीज, मेट," वेद म्हणाला. "ऑल गुड."

मिच गाडीकडे वळला तशी कादंबरी मोज्यांवरच बाहेर धावली. तिनं त्याला इंग्रजीत विचारलं, या आठवड्यात वेद तुझ्याशी बोलला का, म्हणजे खरंच काही बोलला का.

मिच हसला. बोलला की, म्हणाला. प्रॅक्टिसला येतो, सगळ्यांशी नीट असतो.

"काय बोलतो?"

"हेच. यॅ, नाह, नो वरीज, ऑल गुड." मिचनं बोटांवर मोजलं आणि मोजता मोजता त्याचं हसू उतरलं. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, की गुरुवारी मी त्याला विचारलं होतं, समोरच्या संघातल्या कुणाला तू मार्क करणार आहेस. तेव्हाही तो म्हणाला, ऑल गुड. मला वाटलं, चेष्टा करतोय.

दोघं धुक्यात उभे होते. कादंबरीचे पाय गारठून दुखायला लागले. मिचनं जर्सीच्या दिशेनं पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. तो नसेल तर आम्ही संघ उभा करू शकत नाही, तो म्हणाला, आमच्याकडे माणसंच उरलेली नाहीत. एवढं बोलून त्यालाच कसंतरी झालं असावं. तू घरी सांग हे, असं पुटपुटून तो गाडीत बसला.

*

नीरजा गुळाच्या पाण्यात कणीक मळत होती. संध्याकाळी गोड दिवे उकडायचे होते. कादंबरीनं सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत, आणि नीरजाच्या हातांचा वेग वाढत गेला.

तिला हे ऐकायचं नव्हतं. का नव्हतं, तेही तिला आत कुठेतरी माहीत होतं. वेद पहिल्यांदा इथल्या शाळेत गेला तेव्हा तो वर्गात बोलेना. बाईंनी गोड आवाजात सुचवलं, घरी इंग्रजीच बोला. नीरजानं ते आज्ञेसारखं पाळलं. दिवाळी येईपर्यंत तिची 'आई' गेली आणि 'मम' आली. तिनं ती हसत स्वीकारली आणि नंतर कितीदा तरी बाथरूमचा नळ सोडून रडली. आता इतक्या वर्षांनी तो दिवसातून दहा वेळा आई म्हणत होता. आई, भूक लागली. आई, मोजे कुठेत. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा तिला ती हाक आठवून हसू यायचं. आणि ही पोरगी म्हणत होती की त्या हाकेत काहीतरी बिघडलं आहे.

"तो तुझ्याशी इंग्रजीत भांडत नाही म्हणून तुला राग आलाय का?" नीरजा म्हणाली. म्हटल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द गेले होते.

विलास स्टुलावर चढून स्मोक अलार्मवर शॉवर कॅप चढवत होता. गेल्या वर्षी समई लावल्यावर अलार्म बोंबलला होता आणि शोभाताईंनी अपशकुन म्हणून जेवण सोडलं होतं. त्यानं वरूनच विचारलं, काय चाललंय.

कादंबरीनं उत्तर दिलं नाही. तिनं खणातून चमचा काढला, वेदला टेबलाशी बसवलं आणि चमचा त्याच्यासमोर धरला.

"व्हॉट्स धिस?"

"चमचा," वेद हसून म्हणाला.

"इन इंग्लिश, वेद."

वेदनं चमच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तो चमच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर घाबरल्याची एक छटा आली ती त्यानं लगेच पुसली. हे पुसणं नीरजाला दिसलं. आपला मुलगा हे कितीतरी दिवस करतोय, हे तिला त्या एका क्षणात कळलं.

"यॅ," तो म्हणाला. "ऑल गुड."

शॉवर कॅप हातात घेऊन विलास खाली उतरला. गंमत करतोय तो, म्हणाला. मग मोठ्यानं, अगदी मैदानावर बोलायचा त्या आवाजात, त्यानं वेदला इंग्रजीत शनिवारच्या मॅचबद्दल काहीतरी विचारलं. वेदनं आईकडे पाहिलं.

"आई, मी खेळायला जाऊ?"

नीरजानं कणकेचे हात तसेच टेबलावर टेकले. "विलास, हा डॉक्टरांशी कोणत्या भाषेत बोलला?"

"म्हणजे काय?"

"त्या व्हिडिओवर. तू होतास शेजारी. हा काय बोलला?"

विलास सुरुवातीला चिडला. मग त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी नेहमीचेच प्रश्न विचारले होते. आज वार कोणता, मॅच कुठे होती, कोण जिंकलं, डोकं दुखतं का. वेद त्याच्याकडे बघत होता. लाजला असेल. म्हणून मग विलासनं सांगितलं.

"सगळं तूच सांगितलंस?"

"त्याला माहीत होतंच गं. फक्त बोलला नाही. एकदोनदा मराठीत काहीतरी पुटपुटला, मी ते नीट करून सांगितलं."

"काय पुटपुटला?"

विलासनं मान हलवली. त्यानं ऐकलंच नव्हतं. खरं तर तो माणूस वाईट नव्हता. या देशात वीस वर्षं काँट्रॅक्टवर काँट्रॅक्ट करून त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं, आणि त्या मैदानाच्या कडेला, सॉसेजच्या शेगडीपाशी, लोक त्याला 'वेद्स डॅड' म्हणून हाक मारत होते. जखमी मुलांचे बाप शनिवारी येईनासे होतात, हे त्यानं पाहिलं होतं. कुणी येऊ नका म्हणत नाही, पण येऊन उभं कुठे राहायचं? ती जागा त्याला सोडवत नव्हती.

"उद्या सोमवार आहे," तो म्हणाला. "उद्या परत डॉक्टरांना फोन लावू. पण आज कोचला काही कळवायचं नाही. एकदा कडेला सरकवलं की सरकवलंच."

शोभाताई समई सोडून उठल्या. आता त्या विलासच्या बाजूनं बोलल्या. पोरगं जरा आपल्या भाषेत बोलायला लागलं, तर लगेच त्याला आजारी ठरवताय, त्या म्हणाल्या. इतकी वर्षं तो इंग्रजीत बोलत होता तेव्हा कुणी डॉक्टर बोलावला नाही. त्या बोलत असताना वेद त्यांचा पदर हातात धरून उभा होता, वीस वर्षांचा दाढीवाला मुलगा, आणि ते दृश्य घरातल्या कुणालाच नीट बघवेना.

नीरजा मधल्यामधे सापडली. सोमवार म्हणजे उद्याच, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि कणीक पुन्हा हातात घेतली. कादंबरी जिन्यात जाऊन बसली. एकटी पडली होती पोर.

*

अंधारायला लागलं तसे दिवे लावले. पाटावर समई, भोवती पणत्या, गोड दिव्यांचा वाफाळता वास. शॉवर कॅप घातलेला अलार्म छतावरून मुकाट बघत होता. धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं आणि त्यात सगळे दिवे पुन्हा दिसत होते, बाहेरही कुणी अवस करत असल्यासारखे.

मुलांना ओवाळायचा मान शोभाताईंनी स्वतःकडे घेतला. आधी कादंबरी. तिचा चेहरा रडून सुजला होता, तिनं मान खाली घालूनच ओवाळून घेतलं. मग वेद मांडी घालून समोर बसला. अगदी शहाण्यासारखा, हात गुडघ्यांवर. शोभाताईंनी त्याला कुंकू लावलं, तबक उचललं, आणि निरांजन त्याच्या चेहऱ्याभोवती फिरवलं.

ज्योत डावीकडे गेली. डाव्या डोळ्यातली बाहुली बारीक झाली.

ज्योत उजवीकडे आली. उजव्या डोळ्यातली बाहुली तशीच राहिली. मोठी, काळी, उघडी. निरांजनाची अख्खी ज्योत तिच्यात उभी राहिली, विझलेल्या खोलीत कुणी दिवा नेऊन ठेवावा तशी.

त्यांनी तबक पुन्हा फिरवलं, हळूहळू, डोळ्यांच्या अगदी जवळून. तेच. तिसऱ्यांदाही तेच. आपल्यासमोर बसलेला हा नातू आपल्याकडे बघत नाहीये, हे त्यांना तेव्हा समजलं. तो त्यांच्यातून पलीकडे बघत होता, ठाण्यातल्या त्या दुसऱ्या बाईकडे, जिचे केस काळे होते आणि जिचा नवरा जिना चढून वर येणार होता.

"आजी, आप्पांना पण ओवाळ ना," वेद म्हणाला आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून हसला.

नीरजानं तोंडावर हात ठेवला. शोभाताईंनी तबक खाली ठेवलं.

"विलास, गाडी काढ."

"आई, आरती तरी होऊ दे..."

"गाडी काढ म्हणते ना. याचा एक डोळा दिव्याला ओळखत नाहीये." मग त्यांचा आवाज फुटला. "अरे, हा दारात उभा राहून रोज कुणाला हात करतो, माहितीय? आप्पांना करतो. मला रोज विचारतो, ते कधी येणार. आणि मी त्याला येतील येतील म्हणत राहिले. मला कळत होतं रे, हे बरोबर नाही. पण मला बरं वाटत होतं. हा विचारायचा आणि मला पण वाटायचं, की येतील."

त्यांनी कादंबरीकडे पाहिलं. ठाण्याच्या त्या वर्षांत ती जन्मलीच नव्हती, म्हणून वेद तिच्याशी परक्यासारखा वागत होता. हे आता त्यांना लख्ख दिसलं आणि त्या पोरीला त्यांनी घट्ट जवळ घेतलं. कादंबरी त्यांच्या खांद्यावर हुंदके देत होती आणि काय झालं ते इंग्रजीत विचारत होती, आणि शोभाताई मराठीत तिला सॉरी गं, सॉरी गं म्हणत होत्या. विलासनं जर्सी सोफ्यावरून उचलली, कुठे ठेवावी ते त्याला कळेना, पुन्हा सोफ्यावरच टाकली आणि तो किल्ली शोधायला गेला.

*

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारात मास्क लावलेली बाई उभी होती. फोनवर चेक-इन करा, हात निर्जंतुक करा, पेशंटबरोबर एकानंच आत जायचं. विलास मागे सरला. आई आहे ना त्याची, तिला जाऊ दे, म्हणाला.

नीरजानं वेदच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. तिला त्याला सोडवत नव्हतं, हे तिच्या हातांकडे बघून कुणालाही कळलं असतं.

"नाही. तू जा," ती म्हणाली. "ते त्याला विचारतील आणि तो मराठीत सांगेल. जे सांगेल ते, तसंच्या तसं इंग्रजीत सांग. नीट करून सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

आत फार उजेड होता. वेदला चाकांच्या खाटेवर बसवलं. डोक्यात मार कधी लागला, उलट्या झाल्या का, हे विलासनं सांगितलं. व्हिडिओवर डॉक्टरांना उत्तरं आपण दिली होती, हेही सांगितलं. नर्स तरुण होती. तिनं क्षणभर वर पाहिलं आणि पुन्हा टाइप करायला लागली. तिनं दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मग तिनं वेदला त्याचं नाव विचारलं. वेदनं विलासकडे पाहिलं. विलासनं प्रश्न मराठीत सांगितला.

"वेद विलास पाळंदे," वेद म्हणाला, लहान मुलं पाठ म्हणतात तसं, एका दमात. "राहणार नौपाडा, ठाणे."

विलासनं ते इंग्रजीत सांगितलं. नौपाडा म्हणजे काय, तेही सांगितलं.

नर्सनं विचारलं, आत्ता तू कुठे आहेस?

विलासच्या जिभेवर कॅनबेरा तयार होतं. इतकं सोपं होतं ते. एक शब्द, आणि सगळं आणखी थोडा वेळ आहे तसंच राहिलं असतं. त्यानं प्रश्न मराठीत विचारला आणि गप्प बसला.

"आजीकडे," वेद म्हणाला. "आप्पा आत्ता येतील."

विलासनं सांगितलं. तो आजीकडे आहे असं म्हणतो, तो म्हणाला, आणि आजोबांची वाट बघतोय असं म्हणतो. आजोबा वारले आहेत.

नर्सनं खिशातून छोटी टॉर्च काढून वेदच्या डोळ्यांत पाहिलं, एकात, मग दुसऱ्यात, मग परत दुसऱ्यात. टॉर्च खाली ठेवून तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. तिचा चेहरा मास्कमागे होता, पण पावलं एकदम बदलली. आणखी दोघं आले. कुणी खाटेचे कठडे वर केले, कुणी स्कॅनच्या खोलीला फोन लावला, कुणी ऑपरेशनसाठी कुणाला बोलवावं लागेल ते विचारलं. खाट हलली. विलास तिच्याबरोबर धावत होता, एक हात कठड्यावर.

दाराशी एक वयस्कर डॉक्टर भेटल्या. चालता चालताच त्यांनी वेदच्या चेहऱ्यावर वाकून, शांत आवाजात शेवटचं विचारलं, तुझ्याबरोबर हे कोण आले आहेत?

विलासनं तो प्रश्न मराठीत विचारला. विचारताना त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला. तसं करायची परवानगी नव्हती, पण वेदला चेहरा नीट दिसायला हवा होता.

वेदनं त्याला न्याहाळलं. खूप वेळ, सभ्यपणे, एका बारीक आणि एका सताड उघड्या बाहुलीनं. मग त्याला ओळख पटली आणि तो हसला.

"हे ते काका," तो म्हणाला. "फोनमध्ये असतात ते."

डॉक्टर थांबल्या होत्या. काय म्हणाला तो, त्यांनी विचारलं.

विलासनं मास्क वर ओढला आणि तेही शब्दाला शब्द सांगितलं.